इंदूरहून ब्रिटनला नर्स म्हणून सहकुटुंब जाताना या चुका टाळा

आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षा आणि सीबीटी ही नर्सिंगची संगणकावरची परीक्षा यांची तयारी बहुतेक सिस्टर नेटाने करतात. गाडी अडते ती नवऱ्याच्या आणि मुलांच्या कागदांपाशी. ब्रिटनमधल्या नोकरी देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (सीओएस) हातात पडल्यापासून 3 महिन्यांत व्हिसाचा अर्ज करावा लागतो. कागद दुरुस्त करायला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून ही कामं परीक्षेच्या तयारीबरोबरच सुरू करा.

पदाचा कोड न पाहणं. ‘आधी केअर होममध्ये लागा, नर्स नंतर व्हाल’ असं कुणी सांगितलं तर तिथूनच मागे फिरा. केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर यांना 11 मार्च 2024 पासून कुटुंब नेता येत नाही, आणि 22 जुलै 2025 पासून या पदांवर परदेशातून नवी भरतीच बंद आहे. नोंदणीकृत नर्सला मात्र कुटुंब नेता येतं. सीओएसवर 6135 किंवा 6136 हा कोड असेल तर ती नोकरी नर्सची नाही.

नाव जुळत नसणं. आपल्याकडे हे हमखास होतं. जुन्या मार्कशीटवर ‘कु.’ आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. त्यात आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचं. ब्रिटनची एनएमसी (तिथे नर्सची नोंदणी करणारी संस्था) तुमची इथली नोंदणी भोपाळच्या नर्सेस रजिस्ट्रेशन काउन्सिलकडून पडताळून घेते, त्यामुळे आधी काउन्सिलच्या नोंदीत नाव बदला आणि मगच पडताळणीला पाठवा. पुरावा म्हणून नगर निगमचा विवाह नोंदणी दाखला लागेल. मंगल कार्यालयाची पावती किंवा पत्रिका चालत नाही.

मुलांच्या जन्मदाखल्यात वेगळीच मेख असते. बारशाआधी काढलेल्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरीच राहते. शाळेने कधी हरकत घेतली नसली तरी व्हिसासाठी तो चालायचा नाही. नगर निगममध्ये नाव चढवून नवी प्रत घ्या. दाखला फक्त हिंदीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचं निवेदन हवं.

मुलाला एकट्या आईबरोबर नेणं. नवऱ्याची इथली नोकरी सुरू ठेवायची आणि लेकराला घेऊन आईने जायचं, हा बेत अनेक घरांत ठरतो आणि इथेच अर्ज नाकारला जातो. नियम असा, की आई-वडील दोघंही ब्रिटनमध्ये राहणारे असावेत किंवा दोघांनी सोबत अर्ज करावा. मुलाची संपूर्ण जबाबदारी एकट्या पालकावर असेल तर सवलत मिळते, पण नवऱ्याच्या संमतिपत्राने ते सिद्ध होत नाही. नवरा डिपेंडंट (तुमच्या व्हिसावर अवलंबून असलेला जोडीदार) म्हणून गेला तर त्याला तिथे नोकरी करता येते, हे हिशेबात धरा.

खात्यातले पैसे मध्येच काढणं. व्हिसासाठी खात्यात दाखवायची रक्कम अशी: नर्ससाठी 1,270 पौंड, जोडीदारासाठी 285, पहिल्या मुलासाठी 315 आणि पुढच्या प्रत्येक मुलासाठी 200. दोन मुलं असतील तर एकूण 2,070. ही रक्कम नवरा-बायकोच्याच खात्यात सलग 28 दिवस हवी. एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सासऱ्यांचं खातं दाखवून भागत नाही. नोकरी देणारी संस्था सीओएसवर या रकमेची हमी घेऊ शकते. ती कुटुंबासाठीही आहे का, हे लेखी विचारून घ्या.

टीबीचा दाखला फार आधी काढणं. तो 6 महिनेच चालतो, आणि ब्रिटनने मान्य केलेल्या क्लिनिकचाच लागतो. 11 वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत, पण दाखला त्यांचाही लागतो.

सगळ्यांनी एकाच विमानाने जाणं. हौस समजते, पण आमचा सल्ला ठाम आहे: ऑस्की, म्हणजे ब्रिटनमध्ये द्यायची नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा, पास होईपर्यंत सिस्टरने तिथे एकटीनेच राहावं. पहिला प्रयत्न कामावर रुजू झाल्यापासून 12 आठवड्यांत द्यायचा असतो, संधी 3 मिळतात. तोवर पगारही सहसा खालच्या बँडचा (वेतनश्रेणीचा) असतो. नर्सचा बँड 5 मिळतो तो एनएमसीच्या नोंदणीचा पिन (क्रमांक) आल्यावर. सुरुवातीला मिळणारी राहण्याची सोय बहुधा एका खोलीची. मधल्या काळात भाड्याचं घर बघा. इंग्लंडमध्ये डिपॉझिट साधारण 5 आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. सरकारी शाळेत जागा स्थानिक काउन्सिलकडे (तिथल्या नगरपालिकेकडे) अर्ज करून मिळते आणि त्यात पत्ता महत्त्वाचा, म्हणून मुलांची तिकिटं घराचा करार झाल्यावरच काढा.