लीड की लेड? पाहुण्यांशी इंग्रजी बोलताना या चुका टाळा

तारकर्लीला स्कूबासाठी उतरण्याआधी कमरेला वजनाचा पट्टा बांधतात. त्यातलं शिसं म्हणजे 'लेड'. पुढे राहून वाट दाखवणारा डायव्हर मात्र 'लीड' करतो. स्पेलिंग दोन्हींचं एकच. गोंधळ सुरू होतो तो वहीत शब्दापुढे देवनागरीत एकच उच्चार लिहून पाठ केल्यामुळे. एकटा शब्द लिहूच नका, सोबत जोडीदार लिहा: 'लेड वेट', 'लीड द ग्रुप'.

होडीवर तर असे शब्द पावलोपावली. नाळेकडच्या टोकाला 'बाउ' म्हणायचं. 'बो' म्हणजे धनुष्य. वल्हवणं 'रो', पण तेच स्पेलिंग 'राउ' वाचलं की भांडण! वारा 'विंड', दोर गुंडाळणं 'वाइंड'. गुंडाळून झाला की 'वाउंड'. आणि कालवांनी पाय कापला तर ती जखम 'वूंड', स्पेलिंग अगदी 'वाउंड'चंच. इथे तर्क चालत नाही, आजूबाजूचे शब्द बघायचे. आपण तरी 'पाण्याचा जग' आणि 'सारं जग' यांतले दोन ज कुठे ठरवून उच्चारतो?

खानावळीच्या मेनूवर जिताड्याला 'सी बॅस' म्हणा. 'बेस' हा गाण्यातला खर्ज, तो ताटात येत नाही.

'क्लोज' फसवा आहे. बंद करायचं असेल तर शेवटी 'जाळं'मधल्या ज-सारखा आवाज. बोटीच्या जवळ राहा सांगायचं असेल तर 'क्लोस'. किनाऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यावरचा शब्द 'रेफ्यूस', 'रिफ्यूज' नव्हे. तो नकार झाला.

मोबाइलवर उच्चार तपासताना सुटा शब्द टाकला तर बहुधा एकच उच्चार ऐकू येतो. पूर्ण वाक्य टाका.

राहिला आघात. 'रेकॉर्ड', 'परमिट', 'प्रेझेंट' अशा कित्येक शब्दांत नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. हा नियम सरसकट लावू नका. 'रिपोर्ट' आणि 'रिस्पेक्ट' दोन्ही रूपांत तसेच राहतात. पण मासेमारीचा परवाना दाखवताना जोर 'पर'वर, आणि 'इथे पोहायला परवानगी देत नाही' सांगताना 'मिट'वर.