पावसाळ्यात वाजवायला जड झालेली गिटार अशी हलकी केली

आजवर हातात घेतलेल्या गिटारींत सगळ्यात सहज वाजते ती माझीच जुनी अकूस्टिक. पण पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, वरची फळी फुगते आणि तारा उचलल्या जातात. एफचा बार, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायची कॉर्ड, धरताना मनगट भरून यायचं.

आधी नेक, म्हणजे गिटारची लांब मान, तपासला. पहिल्या फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून जाड तार चौदाव्यावर दाबली. सातव्यावर तार आणि फ्रेट यांतली फट ०.२ मिमीच्या आसपास हवी, ती बरीच जास्त होती. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली त्याचा बाक सांभाळणारी सळई, जेमतेम पाव फेरा आवळला आणि गिटार सुरात लावून रात्रभर ठेवली. इथे घाई नकोच, रॉड तुटला तर नेक गेलाच समजा.

मग सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती फळीवरची छोटी पट्टी. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तिथे तार जितकी खाली हवी त्याच्या दुप्पट सॅडल घासावं लागतं. मूळ सॅडल उन्हाळ्यासाठी जपून ठेवलं, कारण तेव्हा फळी परत बसते आणि तारा खडखडतात. हाडाचं नवं घेऊन काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर फक्त त्याचा तळ घासला. आता बाराव्यावर जाड तार फ्रेटपासून २.४ मिमी वर, बारीक १.८. एफ अगदी सहज लागतो, आणि सगळ्या तारा स्वच्छ बोलतात!