सदोष फोटोवरून पाळीव प्राण्याचे चित्र कसे रंगवावे

पाळीव प्राण्याचे चित्र रंगवून मागणारे लोक जे फोटो पाठवतात, ते चित्रासाठी काढलेले नसतात. सोफ्याखालून डोकावणारे मांजर, नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर साखळी ओढत पळणारा आणि म्हणून हललेला कुत्रा, नाहीतर जुन्या अल्बममधला बोटांचे डाग पडलेला प्रिंट, असेच काहीसे हाती येते. त्यामुळे एकाच फोटोची नक्कल करण्याचा हट्ट सोडावा. ज्यात प्रकाशाची दिशा स्पष्ट आहे आणि चेहऱ्याचा भाव घरच्यांना ओळखीचा वाटतो, तो फोटो मुख्य मानावा. ठिपके, कानांची ठेवण आणि डोळ्यांचा रंग यांच्या पडताळणीसाठी बाकीचे वापरावेत. मात्र दुसऱ्या फोटोतला तपशील घेताना त्याचा उजेड सोबत घेऊ नये, कारण डाव्या गालावर सकाळचे ऊन आणि उजव्या कानावर ट्यूबलाइट असे चित्र कितीही नेटके रंगवले तरी जोडकामच वाटते.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतली बारकाई कमी होते, म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. प्रिंट असेल तर तो खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता, बरोबर वरून टिपावा. प्राणी हयात असेल तर नवा फोटो मागण्यात संकोच नको: त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसून, पाच-सहा फुटांवरून, थोडे झूम करून. नागपूरच्या उन्हाळ्यात हे सकाळी लवकर उरकावे, कारण नंतरचे उभे ऊन डोळ्यांखाली काळ्या सावल्या पाडते आणि पांढऱ्या केसांतला तपशील पुसून टाकते.

फोन कुठे फसवतो, हे रेखाटनाआधी ओळखावे. अगदी जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगते आणि कान मागे जाऊन लहान होतात. दुरून काढलेल्या फोटोशी ताडून नाकाची रुंदी कमी करावी. सेल्फी अनेकदा उलटलेली असते आणि मग डाव्या कानावरचा काळा ठिपका उजव्या कानावर जातो. मागच्या कॅलेंडरवरची अक्षरे उलटी दिसतात का ते पाहावे, तेवढ्यावर भागले नाही तर मालकांना विचारावे. असा चुकलेला ठिपका घरातले लहान मूलसुद्धा पहिल्या नजरेत पकडते.

सर्वाधिक वेळ डोळ्यांना द्यावा. कुत्र्या-मांजरांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे चमकतात. ती चमक रंगवायची नसते. बाहुली गडद करून बुबुळाचा रंग दिवसाच्या फोटोवरून घ्यावा. मांजराची बाहुली उन्हात उभी, बारीक होते आणि अंधुक उजेडात मोठी, गोल होते. मालकांना गोल डोळेच गोड वाटतात, पण ते हवे असतील तर संपूर्ण चित्राचा प्रकाशही मंद ठेवावा लागतो. डोळ्यांतला पांढरा बिंदू दोन्हीकडे प्रकाशाच्याच बाजूला द्यावा.

काळ्या कुत्र्याच्या फोटोत अनेकदा नुसता काळा आकारच दिसतो. फोनमधल्या एडिटिंगमध्ये सावल्या उजळल्या की त्यातून गालाचे हाड आणि मानेवरचा भोवरा वर येतो. तयार काळा रंग वापरण्यापेक्षा अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर मिसळावे, म्हणजे आकाशाकडच्या केसांना निळसर आणि जमिनीकडच्या केसांना तपकिरी झाक देता येते. पोळ्याच्या सुमारास गवळाऊ जातीच्या पांढऱ्या बैलाचे चित्र हवे असेल, तर अडचण उलटी असते: पांढऱ्या अंगाचा बहुतेक भाग फिकट राखाडी-निळसर रंगवून शुद्ध टायटॅनियम व्हाइट फक्त वशिंडासारख्या थेट उन्हातल्या जागांसाठी राखावा. बैलाची बाहुली आडवी असते, हेही विसरू नये.

प्रिंटवर 2 सेंटीमीटरचे आणि कॅनव्हासवर 4 सेंटीमीटरचे चौकोन आखले की आकृती दुप्पट होते. पेन्सिलीचे रेखाटन मालकांना दाखवून होकार घ्यावा आणि मगच रंग लावावा. केस गडदाकडून उजळाकडे, थरांत, ज्या दिशेने उगवतात त्याच दिशेने ओढावेत. नाकापासून कपाळाकडे आणि तिथून मागे. मिशा सर्वांत शेवटी, पातळ रंगाने, लांब केसांच्या ब्रशने, एका दमात. फोटोत कापला गेलेला पंजा अंदाजाने रंगवण्यापेक्षा चित्र छातीपाशीच विरत न्यावे. चुकीच्या पंजापेक्षा नसलेला बरा.

मे महिन्यात अ‍ॅक्रिलिक पॅलेटवर पाहता पाहता वाळते. झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवला तर तो टिकतो. कूलरचा झोत मात्र थेट टेबलावर घेऊ नये. पावसाळ्यात दमट दिवशी वार्निश लावल्यास त्यावर पांढुरकी साय धरू शकते, तेव्हा कोरड्या दिवसाची वाट पाहावी आणि देण्याची तारीख सांगताना ते दिवस आधीच धरून ठेवावेत.