एकट्याला बसवून समजावता, तरी काम सुधारत नाही? या चुका टाळा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी प्रॉडक्शन बघायचो. सीएनसी लेथवरच्या (संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवरच्या) एका मुलाचं रिजेक्शन (बाद ठरलेले जॉब, म्हणजे नग) दुसऱ्या शिफ्टला हटकून वाढायचं. केबिनमध्ये बोलावून वीस मिनिटं समजावलं. "हो साहेब, लक्ष देतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं तीनदा झालं. चौथ्यांदा चहा घेऊन त्याच्या मशीनपाशीच गेलो आणि गप्प उभा राहिलो. तेव्हा तो बोलला, "साहेब, शिफ्ट बदलताना मशीन बंद राहतं. थंड झालं की पहिल्या पाच-सहा जॉबांचं माप सरकतं."

स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, गरम होईपर्यंत माप हलतं, हे मलाही ठाऊक होतं. पण 'पोरगं हलगर्जी आहे' हा निकाल मी आधीच देऊन बसलो होतो. मशीन आधी रिकामं फिरवायचं आणि पहिला जॉब मोजूनच पुढे जायचं, असं त्यानंच सुचवलं. रिजेक्शन आटोक्यात आलं.

म्हणून बोलावण्याआधी एवढं तपासा: त्याला काम येत नाही, की येतं पण मशीन, गेज (माप तपासायचं साधन), वेळ आडवी येते? आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या पोराला मायक्रोमीटर वाचता येत नसेल, तर "तुला काय वाटतं?" विचारून उपयोग नाही, हातात घेऊन दाखवा. गेजच झिजलं असेल तर माणसाशी बोलून काय होणार?

दुसरी चूक सगळ्यात जास्त दिसते. सल्ल्याला प्रश्नचिन्ह लावायचं आणि त्याला कोचिंग (प्रश्न विचारून माणसालाच उत्तर शोधू देणं) म्हणायचं. "आधी गेज तपासायला हवं होतं, असं नाही वाटत तुला?" हा प्रश्न नाही, टोमणा आहे. "असं का झालं?" विचारलं की माणूस सबब शोधतो. त्यापेक्षा "कितव्या जॉबपासून माप हलायला लागलं?" असं विचारा आणि थांबा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. आपल्याकडे साहेब गप्प बसले की समोरचा घाबरतो, त्यामुळे पहिल्या वेळी ही शांतता अवघड जाते. जाऊ द्या.

बोलणं कामावरून माणसावर घसरलं की संपलंच. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र तपासले. सरासरीनं फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून स्वतःकडे वळलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. "तू निष्काळजी आहेस" ऐकलेला ऑपरेटर उरलेली शिफ्ट मापाचा नाही, त्या शब्दाचा विचार करतो.

पगारवाढीचा विषय त्याच बैठकीत काढू नका. काचेच्या केबिनमध्येही बसू नका. बाहेर सगळे बघतात, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत 'याचा नंबर लागला' ही बातमी फिरलेली असते. शिवाय फक्त चुकल्यावरच बोलावत असाल, तर तुमचा निरोप म्हणजे समन्सच.

गैरहजेरीचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीकडची मुलं दांड्या मारतात, म्हणून त्यांना शिस्तीवर व्याख्यान देणारे सुपरवायझर मी पाहिलेत. घरी द्राक्षाची काढणी चालू असते, व्यापाऱ्याची गाडी त्याच दिवशी उभी असते. हे जानेवारीतच विचारलं, तर सुट्ट्या आणि बदली माणूस दोन्ही ठरवता येतं.

एका बैठकीत एकच गोष्ट ठरवा. 'सुधारणा करणे' नको. 'सोमवारपासून दर तासाला एक जॉब मोजून नोंद' असं लिहा, आणि ते त्याच्या तोंडून आलेलं असू द्या.

दोन बैठका झाल्या, तरी फरक नाही? मग त्याची वही बंद करून स्वतःची उघडा. नवीन गेज देतो म्हणाला होतात आणि स्टोअरची स्लिप अजून तुमच्याच ड्रॉवरमध्ये असेल, तर तिसरी बैठक राहू द्या. आधी स्टोअरला जाऊन या.