पावसात सॅक्सोफोन पुसायचा आणि सुकवायचा कसा

वाजवून झालं की सॅक्स लगेच केसमध्ये कोंबू नका, एवढं एक पाळलं तरी अर्धं काम झालं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दोरीवरचा टॉवेल दोन दिवस सुकत नाही, मग बंद केसमधले चामड्याचे पॅड, म्हणजे सॅक्सची भोकं झाकणाऱ्या गाद्या, कुठून सुकणार? आणि आत जे पाणी साचतं ती सगळी थुंकी नसते बरं का, बरीचशी श्वासातली वाफ असते जी गार पितळेला लागून पाणी होते.

आधी रीड काढा, म्हणजे तोंडात धरायच्या माउथपीसवरची पातळ पट्टी. जाड बाजूकडून टोकाकडे हळूच पुसा, उलट नाही, आणि रीड-गार्डमध्ये, म्हणजे रीड ठेवायच्या सपाट डबीत ठेवा. माउथपीसवरच राहू दिली तर वाकते, शिवाय बुरशी धरते. माउथपीस कोमट पाण्याने धुवा, कडक गरम पाणी एबोनाइटला (माउथपीसच्या कडक रबराला) चालत नाही, रंग हिरवट तपकिरी पडतो.

मग नेक, म्हणजे माउथपीस बसते ती वाकडी नळी, छोट्या स्वॅबने (दोरी लावलेल्या पुसायच्या कापडाने) आतून. नेकवरच्या ऑक्टेव्ह कीवर (सूर एक सप्तक वर नेणाऱ्या कळीवर) जोर देऊ नका, ती पटकन वाकते.

आता मेन बॉडी. बेल, म्हणजे सॅक्सचं रुंद तोंड, खाली करून पाणी ओघळू द्या, मग स्वॅबच्या दोरीच्या टोकाचं वजन बेलमधून आत सोडा, सॅक्स उलटा करा म्हणजे ते वरच्या तोंडातून बाहेर येईल, आणि दोरी सावकाश ओढा, दोन-तीनदा. अडकलं तर हिसका देऊ नका, बेलकडून मागे ओढा.

खरी कटकट पॅडची. 'जी शार्प' आणि 'लो ई फ्लॅट' या सुरांच्या कळा आणि वरच्या पाम की (तळहाताने दाबायच्या कळा) या एरवी बंदच असतात, त्यामुळे तिथलं पाणी आतच राहतं आणि पॅड चिकटतो, ऐन गाण्यात जी शार्प उघडतच नाही. पानाच्या गाड्यावर सिगारेटचा रोलिंग पेपर मिळतो, त्याची गोंदाची पट्टी कापून टाका, कागद पॅडखाली सरकवा, की हलकी दाबा, थोडं थांबा, की उघडा आणि मगच कागद काढा. दाबलेला कागद खेचला तर चामडं सोलतं. टाल्कम पावडर बिलकुल नको, तिचा पुढे चिखल होतो. आणि लग्नाच्या बँडमध्ये दोन सेटच्या मध्ये कोल्ड्रिंक पिऊन किंवा बेबिंका (गोव्याची थरांची मिठाई) खाऊन तसंच वाजवायला बसणारे लोक असतात ना, त्यांचे पॅड साखरेनेच चिकटतात, तेव्हा आधी चूळ भरा.

बाहेरून मऊ सुती कपडा पुरे, घामातलं मीठ निघालं म्हणजे झालं. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजवलं असेल तर खारं वारं लागलेलं असतं, तेव्हा हे न चुकता करा. चिंच किंवा पितळेची पॉलिश लावू नका, सॅक्सवर लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) थर असतो तो निघून जातो.

पॅड सेव्हर, म्हणजे ओल शोषणारा लांब मऊ ब्रश, आत घालून ठेवायचा की नाही यावर दोन मतं आहेत. मी तरी पावसाळ्यात ठेवत नाही, ओला बोळा आत कोंबल्यासारखंच ते. त्यापेक्षा सॅक्स स्टँडवर पंख्याखाली अर्धा तास उघडा ठेवा, उन्हात किंवा तापलेल्या गाडीत मात्र नको, पॅड चिकटवलेली लाख सैल होते. नंतर केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, आणि ओला स्वॅब केसमध्ये न घालता बाहेर टांगा.