मुंबई हायवर दुखापत झाली? दावा आपल्या जिल्ह्यातही लावता येतो

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, रिगवर (तेलविहीर खोदायच्या तळावर) ठेकेदारामार्फत गेलेला कामगार जखमी होऊन गावी परततो आणि मुंबईच्या खेपा परवडत नाहीत म्हणून भरपाई सोडून देतो. तसं करायची गरज नाही.

१. रिग सोडण्याआधी अपघाताच्या नोंदीची आणि तिथल्या डॉक्टरच्या कागदाची प्रत मागा. नंतर ती मिळवताना नाकी नऊ येतात.
२. ठेकेदाराला स्पीड पोस्टाने लेखी कळवा, पावती जपा.
३. अपघातापासून दोन वर्षांच्या आत, राहता त्या भागाच्या, भरपाईचे दावे ऐकणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याकडे (आधीचे कामगार भरपाई आयुक्त) दावा लावा. ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीलाही (जिचं काम ठेकेदार करतो तिला) पक्षकार करा. ठेकेदार हात वर करण्यात पटाईत असतात.

ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा असेल तर मात्र भरपाई तिथूनच घ्यावी लागते. आणि ‘सगळे पैसे मिळाले’ अशा कागदावर किंवा कोऱ्या कागदावर सही नको.