जुन्या कोटाला घरच्या घरी नवं रूप देताय? मग या चुका टाळा

कोट जुना झाला म्हणजे वाया गेला असं अजिबात नसतं. कापड बहुतेक वेळा ठणठणीत असतं, जातात ती बटणं, कॉलरची कड आणि बाहीची टोकं, आणि नेमकं एवढंच तर आपल्याला घरी हाताने करता येतं, तेही घरात पडलेल्या लोकरीत आणि दोऱ्यात. गडबड इथे होते की आपण कोटावर पण शर्टासारखंच काम करायला जातो. कोट जाड असतो, जड असतो, आत अस्तर असतं आणि घालता-काढताना त्याची भरपूर ओढाताण होते. खालच्या जवळपास सगळ्या चुका हे विसरल्यामुळेच होतात.

पहिली चूक म्हणजे कोट साफ न करताच सजवायला बसणं. नवीन बटणं लावली की त्यांच्याशेजारचे लोकरीचे बारीक गोळे आणि कॉलरवरचा मळ उलट जास्तच उठून दिसतो. आधी ब्रश मारा, कोट सपाट पसरून गोळे काढायच्या मशीनने हलक्या हाताने गोळे काढा (बोटांनी ओढून काढू नका, ओढलं की आतला धागा अजून बाहेर येतो आणि तिथेच नवे गोळे धरतात), मग वाफ द्या. खरं सांगते, कधी कधी एवढ्यानेच अर्धं काम होतं.

बटणं: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

बजेट कमी असेल तर सगळ्यात आधी बटणं बदला, कारण समोरच्याची नजर तिथेच जाते. पण बटण निवडताना आपण फक्त त्याची रुंदी बघतो. मी माझ्या करड्या कोटाला लाकडी बटणं लावली होती, जुन्या बटणाशेजारी ठेवून बघितली, दोन्ही अगदी सारखी, सगळी शिवून झाली आणि मग कळलं की एकही बटण काजातून जात नाही, कारण जुनी बटणं चपटी होती आणि ही फुगीर! काजाला रुंदी अधिक जाडी एवढी जागा लागते, म्हणजे बटण 28 मिलिमीटर रुंद आणि 4 मिलिमीटर जाड असेल तर काज साधारण 32 मिलिमीटर हवं. फुगीर बटणाचं माप घ्यायला कागदाची बारीक पट्टी बटणाभोवती मधोमध गुंडाळा, जिथे टोक भेटेल तिथे खूण करा आणि त्या लांबीचं अर्धं करा, तेवढं काज लागणार. काज मोठं पडत असेल तर एका टोकाला दोन-तीन टाके घालून लहान करता येतं, पण लहान काज कापून मोठं करायच्या फंदात पडू नका, जाड कापडाच्या कडा लगेच सुटतात.

दुसरं म्हणजे बटण कापडाला घट्ट चिकटवून शिवणं. आपल्याला वाटतं घट्ट म्हणजे मजबूत. पण कोट बंद केल्यावर बटणाखाली वरच्या पल्ल्याचं जाड कापड बसायचं असतं, त्याला जागाच नसेल तर तिथे चुण्या पडतात आणि काही दिवसांनी कापडासकट बटण हातात येतं. म्हणून शिवताना बटण आणि कापडाच्या मध्ये एक काडेपेटीची काडी ठेवा, कापड फारच जाड असेल तर दोन. टाके झाले की काडी काढा, बटण वर ओढून धरा, सुई बटणाखालून बाहेर काढा आणि मधल्या मोकळ्या दोऱ्यांभोवती तोच दोरा पाच-सहा वेळा गच्च गुंडाळून गाठ मारा. बटण छोट्या देठावर उभं राहिल्यासारखं दिसलं की बरोबर झालं. दोरा जाड पॉलिएस्टरचा घ्या आणि मेणावरून एकदा ओढून घ्या, गुंता कमी होतो. आतल्या बाजूला शर्टाचं एखादं छोटं चपटं बटण धरून त्याच्यातूनच टाके घेतले तर सगळा ताण कापडावर न येता त्या बटणावर येतो, जड कोटाला मी हे केल्याशिवाय सोडतच नाही.

विणलेली कॉलर आणि मफलर

टाके मोजून बघायला आधी छोटा चौकोनी नमुना न विणता डायरेक्ट कॉलर सुरू करणं ही घाई नेहमी महागात पडते. समजा पॅटर्नमध्ये 10 सेंटिमीटरला 20 टाके दिलेत आणि तुमचा हात घट्ट असल्यामुळे तुमचे 22 बसतात. फरक काहीच वाटत नाही, पण 100 टाक्यांची पट्टी 50 सेंटिमीटरच्या ऐवजी साडेपंचेचाळीसच्या आसपास भरते आणि कॉलर गळ्याशी मिळतच नाही. गळ्याचं माप पण कोट अंगात असताना, आत स्वेटर घालून, वरचं बटण लावून घ्या.

मग इस्त्री! ॲक्रिलिकच्या विणकामावर गरम इस्त्री टेकवली की ते चपटं, चमकदार आणि लिबलिबीत होतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. लोकरीचं असेल तर गरम पाणी आणि घुसळणं टाळा, नाहीतर धागे एकमेकांत अडकून ते आटतं आणि नमद्यासारखं जाड होतं. गडद रंगाची कॉलर फिक्या कोटाला लावणार असाल तर आधी ओल्या पांढऱ्या कापडाने चोळून बघा, कापडाला रंग लागला तर आधी दोन-तीनदा धुऊन काढा.

आणि कृपया कॉलर कायमची शिवून टाकू नका. टिचबटणं लावा किंवा मोठे कच्चे टाके घाला, कारण कॉलर कोटाच्या कितीतरी आधी मळते आणि तिला वेगळं धुता आलं पाहिजे. टाके घेताना एक हात अस्तराच्या आत घालून ठेवा म्हणजे सुई अस्तरात गेली तर लगेच कळेल, अस्तर बाहेरच्या कापडाला शिवलं गेलं की कोट तिथे ओढल्यासारखा दिसतो.

गोंद, ब्रोच वगैरे

ग्लू गन कोटापासून लांब ठेवा. लोकरीवर गोंदाचा कडक ठिपका बनतो, वरचं फूल पडलं तरी डाग तिथेच. पडलाच असेल तर बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर धरा, गोंद कडक होऊन तडकला की हळूहळू सोलून काढा, आणि जे राहील त्यावर फेल्टचं पान किंवा फूल शिवा.

जड ब्रोच लावला की कापड खाली लोंबतं. आतून फेल्टचा छोटा तुकडा ठेवून पिन दोन्हींतून घ्या. लोकरी कापडावर पिनची भोकं राहिली तर थोडी वाफ देऊन नखाने चोळली की बऱ्यापैकी मिटतात, पण पिसं भरलेल्या पफर जॅकेटला किंवा वॉटरप्रूफ कोटाला सुई-पिन लावूच नका, भोकातून पिसं बाहेर यायला लागतात नाहीतर पाणी आत. अशा कोटाला चेनच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधा, टोपी आणि मफलर एकाच रंगात विणा, कापडाला हात लावायची गरजच पडत नाही.